जिंजीचं परस्थान

आमच्या घरात जिंजीला जायची तयारी माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होती. अम्मा सांगायची की ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात अप्पांनी तिला विचारलं होतं, जिंजी बघितलीस का, आणि ती नाही म्हणाल्यावर म्हणाले होते, पोंगल झालं की जाऊ. कुठल्या वर्षीचं पोंगल ते त्यांनी सांगितलं नव्हतं. जिंजी म्हणजे डोंगरावरचा जुना पडका किल्ला. तंजावरहून उत्तरेला, विळुपुरमच्या पुढे. तमिळ लोक त्याला सेंजी म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तिथे बसगाड्यांची रांग लागते आणि आलेल्या माणसांच्या डब्यांवर तिथली माकडं पोसतात. आम्हा मराठी घरांना मात्र ते नाव घेताना जरा ताठ बसायची सवय आहे, कारण आपले लोक कधी काळी तिथे होते असं प्रत्येक घर सांगतं. आमचं घर त्याहून एक पाऊल पुढे. अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे आमचा एक पूर्वज अगदी वरच्या दरवाजावर पहाऱ्याला होता. याला पुरावा काही नाही. अप्पा सांगत, एवढंच.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढे तिण्णै, म्हणजे रस्त्याच्या बाजूचा बसायचा कट्टा, आत कूडम, म्हणजे मधली बैठकीची खोली, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि विहीर. पलीकडच्या गल्लीत पितळेची ताटं ठोकणारे होते, त्यामुळे सकाळपासून जेवणापर्यंत टकटक चाले. ती थांबली की जेवायची वेळ झाली हे आम्हाला घड्याळाशिवाय कळे. अप्पा भांड्यांच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन तिण्णैवर बसत आणि जो कोणी येईल त्याला जिंजी समजावत. तीन सोंबु मागवत. सोंबु म्हणजे आमच्याकडचा तांब्या. हे तीन म्हणजे तीन डोंगर. मधला मोठा तो राजगिरी. मग बोट पाण्यात बुडवून फरशीवर तट काढत, दरवाजे काढत, आणि मोठ्या तांब्याच्या काठावर बोट ठेवून म्हणत, "इथे. इथे उभे राहात होते आमचे." पाणी वाळलं की तट जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढत. समोरचे लोक येताजाता विचारत, "काय रावजी, जाहली का जिंजी?" अप्पांना त्यातली थट्टा कळत नसे, किंवा कळत असेल. ते म्हणत, "या थंडीत नक्की." आमच्याकडे थंडी पडत नाही.

मी शाळेत पाचवीपर्यंत गेले. शाळा तमिळ. बाळबोध अक्षरं अप्पांनी घरी फरशीवर पाण्याने शिकवली, तीच आज हे लिहायला उपयोगी पडतायत. पाचवीत असताना शाळेची सहल जिंजीला निघाली. वर्गातल्या सगळ्या मुली जाणार होत्या. अप्पा म्हणाले, आपण काय त्या गर्दीत जायचं, आपलं तिथे नातं आहे, आपण घरचे रीतीने जाऊ. मुली गेल्या आणि आल्या. पुढे महिनाभर वर्गात दुसरं बोलणंच नव्हतं. कोणाची वेणीची फुलं माकडाने नेली, वरच्या पुलावर कोण रडलं. मी, जिच्या घरी रोज संध्याकाळी जिंजी मांडत, ती गप्प बसून ऐकत होते. त्याच वर्षी माझी शाळा संपली. मी रडले वगैरे नाही. पण एक गोष्ट मनात पक्की केली, लग्नाआधी जिंजी बघायची. लग्नानंतर मला कोणी कुठे नेणार नाही हे मला आजूबाजूच्या बायकांकडे बघून समजलेलं होतं.

घरात अप्पा, अम्मा, मी, आणि अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. आत्या लहान वयात विधवा होऊन परत आली होती. हाडं मोठी, आवाज मोठा, आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. माझं बोलणं तिच्यावर गेलं असं अम्मा म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणत नसे. आत्याचं नि माझं काम एकच, उन्हाळाभर गच्चीवर वडाम आणि अप्पळम, म्हणजे सांडगे-पापड, वाळत घालायचे आणि कावळे हाकायचे. अप्पा कधी गच्चीवर आले नाहीत. कौल फुटलं तरी माणूस बोलवत. "वडाम घातलेल्या जागी पुरुषाने यायचं नसतं," असं ते म्हणत. अशी काही रीत मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिलेली नाही.

माझी नात निवी परवा फोनवर बोट फिरवत होती. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जिंजीला जायचं ठरवत होती. मी भाजी निवडत होते. माझी भाजी निवडून व्हायच्या आत तिची गाडी ठरली, खोली ठरली, जेवायचं कुठे तेही ठरलं. "आजी, तू बघितलीस ना सेंजी? वर काय आहे?" असं तिने तमिळमध्ये विचारलं. मराठी तिला कळतं, पण बोलायला सांगितलं की तोंड वाकडं करते. मी सांगायला लागले तोवर तिला दुसरा फोन आला. म्हणून लिहून ठेवते. तिला ही अक्षरं वाचता येत नाहीत, ते निराळं.

तर मी पावाडैवर, म्हणजे परकरावर, अर्ध्या साडीसारखी दावणी नेसायला लागले आणि माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. तेव्हा मी अप्पांना तिण्णैवर, चार माणसांसमोर विचारलं, "अप्पा, या महिन्यात जायचं का जिंजीला? का नाही ते सांगा." चार माणसं अप्पांकडे बघू लागली. आत्या दारातून म्हणाली, "मी पण येते. बोलून बोलून झिजली ती जिंजी, शिल्लक आहे तोवर बघून येऊ." अप्पांनी पंचांग मागवलं. मला वाटतं पंचांगातून सुटका होईल असा त्यांचा हिशेब होता. दुकानाला सुट्टी होती मंगळवारी, आणि मंगळवारी उत्तरेला शूल. म्हणजे त्या दिवशी उत्तरेकडे घराबाहेर पडायचं नाही. अप्पा म्हणाले, "बघा, नाही जमत." आत्या म्हणाली, "परस्थान ठेवू."

परस्थान म्हणजे काय ते सांगते, कारण आता कोणी करत नाही. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या वेळेला आपलं काही सामान, कपडे, वाटेचं काही, बोचक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. बोचकं उंबरठ्याबाहेर गेलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो घरात जेवो, झोपो, हिशेबाने तो वाटेवर आहे. जायच्या दिवशी शेजाऱ्याकडून बोचकं उचलायचं आणि चालू लागायचं. ते बोचकं मधेच घरी परत आणलं तर परस्थान मोडलं, आणि मोडलं तर त्या वर्षात त्या दिशेला जायचं नाही. हा नियम आमच्या घरात सगळ्यांना अप्पांनीच शिकवलेला होता.

रविवारी चांगली वेळ बघून आत्याने बोचकं बांधलं. अप्पांची धोतरजोडी, आत्याचं लुगडं, आणि माझी रेशमी पावाडै-दावणी. माझ्याकडे चांगलं म्हणून तेवढं एकच होतं. रेशीम घालून डोंगर कोण चढतं, असं अम्मा म्हणाली. मी म्हणाले, वरच्या दरवाजावर आमचे आहेत ना, त्यांच्यासमोर फाटकं कसं जायचं. अप्पांना ते आवडलं. बोचकं शेजारी पद्मा मामींच्या घरी, त्यांच्या देवाच्या कोनाड्याखाली गेलं. मामी तमिळ, पण आमच्या घरच्या सगळ्या रीती त्यांना पाठ. म्हणाल्या, "पोहोचल्यावर सांगा, मी पण गेल्यासारखं समजेन." अम्मा येणार नव्हती. "मज नको तो डोंगर. गुडघे माझे, की सरकारचे?" असं म्हणून तिने घर राखायचं पत्करलं.

सोमवारी सकाळी चिंचेचं पुळिकाच्चल, म्हणजे भाताला लावायचा मसाल्याचा कोळ, उकळत ठेवलं. वाटेसाठी चिंचेचा भात करायचा होता, त्याला आम्हीही पुळियोदरैच म्हणतो. तिळाचं तेल, सुक्या मिरच्या, हिंग, भाजून कुटलेले धणे आणि मेथ्या. त्या वासाने गल्लीत सगळ्यांना कळतं की या घरचं कोणी गावाला चाललंय. मी पळीने हलवत होते, तेवढ्यात तिरुवैयारूच्या एका घरचा माणूस निरोप घेऊन आला. ते लोक एका लग्नासाठी तंजावरला आले होते. मुलगा आणि मुलाची आई दुपारच्या टिफिनच्या, म्हणजे फराळाच्या, वेळी मुलगी बघून जाऊ म्हणतात. स्थळ चांगलं होतं. नदीकाठी जमीन, मुलाला शाळेत नोकरी. अम्मा हात पुसत उभी राहिली. "अहो," ती अप्पांना म्हणाली, "ते बोचकं आणा. हिला नेसवायला दुसरं काय आहे? जिंजी पुन्हा कधी."

अप्पा लगेच उठले. ते इतके चटकन उठले की मला ते विचित्र वाटलं. पायात वहाणा घातल्या आणि चेहरा कसा झाला होता, तर गच्चीवरच्या कामाला दुसरा माणूस मिळाल्यावर होई तसा. मी पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"अप्पा, ते परत आणलं की परस्थान मोडेल."

"मोडेल. काय करणार. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी मी तिरुवैयारूला असेन."

"तोंड बघा कसं चालतं!" अम्मा म्हणाली. "या तोंडाने बसणार आहेस त्यांच्यापुढे?"

"मी कोणापुढे बसत नाही. मी घरात नाहीच. काल सकाळी जिंजीला निघाले. तुम्हीच शिकवलं अप्पा, बोचकं बाहेर गेलं की माणूस गेला. गेलेली मुलगी कशी दाखवणार?"

अप्पांनी आत्याकडे बघितलं. आत्या खलबत्त्यात मेथ्या कुटत होती, तिने बत्ता थांबवला नाही. म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. नियम तुझा. का आता नियम बदलायचा?" अप्पा वहाणा घालून थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी त्या काढल्या. अम्माने कपाळावर हात मारला. पण आलेल्या माणसांना दारातून परत घालवता येत नाही आणि दुसरं काही करायला वेळ नव्हता. वाटेसाठी केलेला भातच केळीच्या पानावर वाढायचा ठरलं.

मुलाची आई बुटकी, रुंद, नाकात दोन्हीकडे खडे. कूडमात बसल्या बसल्या विचारलं, "मुलगी कोठे?"  आत्या म्हणाली, "मुलगी गावाला निघाली. काल परस्थान ठेवलं. उत्तरेला." मुलाच्या आईने दाराकडे बघितलं. दारात मी उभी होते, साध्या सुती दावणीत, हाताला चिंच, हातात भाताचं पातेलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "परस्थान ठेवलं असेल तर बघणं बरोबर नाही. आमच्याकडेही पाळतात. मग वाढणारी ही कोण?"

"शेजारची म्हणा," आत्या म्हणाली.

"बरं. शेजारचीला म्हणावं, वाढ."

मी वाढलं. मुलगा खाली मान घालून जेवत होता. त्याला काय करायचं ते कळत नव्हतं. बघायला आणलेलं माणूस समोर वाकून भात वाढतंय आणि आई म्हणतेय ती इथे नाही. त्याने दोनदा भात मागितला, दोन्ही वेळा पानाकडे बघून. त्याची आई भिंतीशी बोलत राहिली. "शेजारची मीठ बेताने घालते. चांगलं आहे. शेजारचीचा पाय जड पडतो, ते जरा बघायला हवं." मला हसू येत होतं आणि रागही. आत्याने माझ्या पायाला चिमटा घेतला. निघताना मुलाच्या आईने अप्पांना विचारलं, "जिंजीला कशाला म्हणे?" झालं. अप्पांनी तांबे मागवले. पूर्वज, वरचा दरवाजा, सगळं फरशीवर आलं. तिने उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुलगी परत आली की निरोप पाठवा, मग येऊन बघू. आणि तो दरवाजा कसा आहे ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे मज. मी काही या जन्मात चढत नाही."

आता अप्पांना न जाण्याला जागाच उरली नाही.  रात्री जेवले नाहीत असं अम्मा म्हणाली. मंगळवारी पहाटे मामींकडून बोचकं उचललं आणि विळुपुरमपर्यंत आगगाडी, तिथे आत्याच्या सासरच्या नात्यातल्या एका घरी मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस. बसमधून डोंगर दिसायला लागला. काळे मोठे धोंडे एकावर एक, कोणी गाडीतून ओतून गेल्यासारखे, आणि सगळ्यांत वर एक सपाट टोक. आमच्या तांब्यासारखा तो अजिबात नव्हता. मी अप्पांना म्हणाले, "तो राजगिरी ना?" अप्पा समोरच्या बाकाचा दांडा धरून बसले होते. "हूं," म्हणाले.

पायथ्याचं कोठार, तलाव, रिकामे वाडे अप्पांनी सगळं दाखवलं. कुठे काय ते त्यांना खरोखरच ठाऊक होतं. पायऱ्या सुरू झाल्या तोवर ते पुढे होते. मग एका ठिकाणी तट संपतो, एका बाजूला धोंडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तिथे ते थांबले. धोंड्याला तळहात लावून उभे राहिले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तसे. मग तसेच खाली बसले. कपाळावर घाम होता, ऊन अजून चढलं नव्हतं. "तुम्ही या जाऊन," म्हणाले, "मी बोचकं सांभाळतो." रेशीम बोचक्यातच राहिलं. मी सुती दावणीतच वर गेले.

वरच्या वळणावर आत्या दम खायला बसली तेव्हा तिने सांगितलं. अप्पा लहानपणी आंब्याच्या झाडावर चढून अडकले होते. फांदीला मिठी मारून बसले, उतरेनात. आजोबांनी दुसऱ्याच्या घरून शिडी आणली, अख्खी गल्ली जमली होती. "तेव्हापासून तो स्टुलावरही उभा राहत नाही," आत्या म्हणाली. "मला वाटलं होतं निदान जिंजीसाठी चढेल." मला गच्ची आठवली. वडाम आठवले.  

शेवटी एक दरड आहे, खोल, त्यावर अरुंद पूल. शाळेतल्या मुली इथेच रडल्या असणार. मी ओलांडला. पलीकडे दरवाजा. तसे दरवाजे वाटेत बरेच लागतात, सगळे सारखे, कोणावर कोणाचं नाव नाही. वर एक देऊळ, पडक्या भिंती, गवत आणि वारा. वारा एवढा की आत्या बोलत होती ते मला तिच्या ओठांवरून कळत होतं. दही-भाताची पुडी माकडाने आत्याच्या हातातून घेतली, तिने त्याला मराठीत शिवी दिली. मी खाली बघितलं. शेतं चौकोनी, रस्ता बारीक. तटाखाली एक पांढरा ठिपका दिसला. तो अप्पा असतील किंवा बकरी असेल. मला बरं वाटलं का? वाटलं. आणखी काही मोठं वाटायला हवं होतं असं लोक सांगतात, तसं काही झालं नाही. मला वर यायचं होतं, मी वर आले होते.

परतीच्या बसमध्ये अप्पा हळू आवाजात विचारू लागले. वारा कुठल्या बाजूचा? दरवाजा बुटका की उंच? मी जे बघितलं ते सांगितलं. उंबरठ्याचा दगड मधोमध झिजलाय, पायाची टाच बसेल एवढा. चौकटीला खोबणी आहे, तिथे भाल्याची काठी टेकवता येईल. पुलावरून खाली बघितलं की आधी पोपट दिसतात, पाठीकडून, उडताना. अप्पा प्रत्येक गोष्ट एकदा माझ्यामागे पुटपुटत. मी त्यांच्यामागे बाळबोध अक्षरं अशीच म्हणत असे.

आठवड्याने तिरुवैयारूचे लोक आले. या वेळी मी रेशीम नेसून चटईवर बसले, कारण आता मी घरात होते. मुलाच्या आईने माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "शेजारचीपेक्षा ही उजवी." मग अप्पांकडे वळली. "सांगा." अप्पांनी सांगितलं. तांबे मागवले नाहीत. झिजलेला उंबरठा सांगितला, टाच बसेल एवढा. भाल्याची खोबणी सांगितली. पोपट पाठीकडून दिसतात ते सांगितलं. चांगलं सांगितलं, माझ्याहून चांगलं. तिण्णैवर येणारे दोघेतिघे दारात उभे राहून ऐकत होते, आणि कोणी थट्टा केली नाही. अम्मा भिंतीला टेकून उभी होती. आत्या जमिनीकडे बघत होती.

 मुलाच्या आईचं लक्ष अप्पांच्या हातांकडे होतं. तिने पुन्हा अप्पांना विचारलं नाही, मला विचारलं. "काय गं, हे सगळं तू बघितलंस ना? आणि तुझे अप्पा कोठवर चढले?"

कूडमात टकटक ऐकू येत होती, पलीकडच्या गल्लीतली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्या पुढे होते," मी म्हणाले. "पुलावर मीच मागे राहिले. त्यांनी हात दिला."

"बरं," ती म्हणाली. पुढे तिच्या घरात तिच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली, पण तिने ते पुन्हा कधी विचारलं नाही. अप्पांनी बाजूला पडलेला तांब्या उचलून तोंडाला लावला. त्यात पाणी नव्हतं, तो मी स्वतः घासून पालथा ठेवलेला होता. तरी ते बराच वेळ पीत राहिले.